झिजलेली नाणी आणि विद्यांचा संगम

संशोधन हेही एक कसब आहे. लहान वयात एकच विषय धरला तर त्यात हात लवकर बसतो, हे खरे. परंतु त्या विषयात कोणता प्रश्न आजवर विचारलाच गेलेला नाही, हे बहुधा बाहेरून आलेल्या डोळ्यांना दिसते. दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांनी आहत नाण्यांवर केलेले काम हा त्याचा भक्कम दाखला आहे.

आहत नाणी म्हणजे चांदीच्या तुकड्यांवर निरनिराळ्या चिन्हांचे ठसे उमटवलेली प्राचीन भारतीय नाणी. त्यांवर राजाचे नाव किंवा वर्ष नसल्यामुळे चिन्हांचा अर्थ लावण्याकडेच अभ्यासकांचा ओढा असे. गोव्यात जन्मलेल्या, हार्वर्डला शिकलेल्या आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या कोसंबींनी मात्र ती काट्यावर तोलली. हातोहात फिरणारे नाणे झिजते, म्हणून चलनातला काळ वाढेल तसे एका गटातील नाण्यांचे सरासरी वजन घटते. आणि झीज सर्वांच्या वाट्याला सारखी येत नसल्याने वजनांमधील तफावत, जिचे माप संख्याशास्त्रात 'विचरण' या नावाने ओळखले जाते, वाढत जाते. हे तत्त्व त्यांनी चालू चलनातील नाणी तोलून पारखले आणि तक्षशिलेच्या नाण्यांना लावले, तेव्हा मागील बाजूवरचे बारीक ठसे जितके अधिक, तितके सरासरी वजन कमी, असा संबंध हाती आला. म्हणजेच हे ठसे नाणे चलनात असताना वेळोवेळी मारले गेले, या अनुमानाला बळ मिळाले.

येथे केवळ गणित पुरेसे नव्हते. ही नाणी मुळात एकाच तौलमानाने पाडलेली होती का, हा प्रश्न गणिताला सोडवता येत नाही. त्यासाठी टांकसाळ, व्यापार आणि राज्यव्यवहार यांची जाण लागते. दुसऱ्या विद्येची अशी जाण तिचे कष्ट घेतल्यावरच येते, हे त्यांच्या इतर कामातही दिसते: १९४४ मध्ये गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढण्याचे सूत्र मांडणाऱ्या कोसंबींनी १९४८ मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेली संहिता, प्रसिद्ध केली, ती संस्कृत पाठचिकित्सेचे सारे कष्ट उपसूनच.

म्हणून व्यापक रुची म्हणजे अनेक विषयांची वरवरची ओळख नव्हे. विद्यार्थ्याला कोवळ्या वयात एका चाकोरीत बांधण्याऐवजी दुसऱ्या एखाद्या विद्येचे प्राथमिक कष्ट त्याच्याकडून मनापासून करून घ्यावेत; कारण ज्याने दोन विद्यांच्या कसोट्या स्वतः सोसल्या आहेत, त्यालाच एकीचे साधन दुसरीत कुठवर चालते आणि कुठे थांबते, हे कळते.