मधला एम

12 फेब्रुवारी 2024, सोमवार
शाळेतून आल्यावर थोरल्याने वरणभातावर लिंबू पिळलं आणि पहिल्याच घासाला कान धरून कळवळला. मला वाटलं, दाढ. खिडकीशी नेऊन पाहिलं तर डाव्या कानाची पाळी वर उचललेली, जबड्याचा कोपरा सुजेत बुडालेला. ताप 101. सासूबाई लांबूनच म्हणाल्या, "गालगुंड आहे गं. लहानपणीच होऊन गेलेलं बरं."

13 फेब्रुवारी
डॉक्टरांनी आधी लसीकरणाचं कार्ड मागितलं. एकही रकाना रिकामा नव्हता, म्हणून निर्धास्त होते. त्यांनी बोट ठेवलं: नवव्या महिन्यात एम.आर., दीड वर्षाला पुन्हा एम.आर. म्हणजे गोवर आणि रुबेला. सरकारी वेळापत्रकात गालगुंडाची लस नाहीच. ती एम.एम.आर.मध्ये असते. बालरोगतज्ज्ञांची संघटना ती तीनदा द्यायला सांगते: नऊ महिने, पंधरा महिने आणि चार ते सहा वर्षांच्या दरम्यान. सहा वर्षं मी ते कार्ड जपलं, मधला एम नाही हे कधी दिसलंच नाही. रडू आलं.
यावर खास औषध नाही. पॅरासिटामॉल, मऊ भात, आंबट बंद. सूज आल्यापासून पाच दिवस शाळा नाही.

14 फेब्रुवारी
धाकटी सोळा महिन्यांची. एम.आर.च्या दुसऱ्या डोसची वेळ झालीच होती, त्याऐवजी एम.एम.आर. दिली, गोवर-रुबेला त्यात आहेच. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दादाकडून आधीच लागण झाली असेल तर आजची सुई ती थांबवणार नाही. पण पुढच्यासाठी द्यायचीच. कुपीच्या तळाशी फिकट वडी चिकटलेली होती. त्यांनी आत पाणी सोडलं, कुपी हलकेच फिरवली, वडी विरघळली. एवढंसं ते, अर्धा मिलिलिटर.

18 फेब्रुवारी
मामा बघायला आले. ते कायम डावा खांदा भिंतीकडे करून बसतात. मी सवय समजत होते. आज त्यांनीच सांगितलं: नवव्या वर्षी गालगुंड झालं, सूज आठवड्यात उतरली, डावा कान तेव्हापासून बंद. सासूबाई गप्प बसून राहिल्या. असं फार थोड्या मुलांचं होतं, पण गेलेला कान परत येत नाही. वयात आलेल्या मुलांना वृषणाची सूजही येते.
रात्री थोरल्याला डोळे मिटायला लावले. एका कानाशी बोटं चोळली, मग दुसऱ्या. दोन्ही वेळा हसला.

22 फेब्रुवारी
गालगुंडाची लस बनवणाऱ्या मॉरिस हिलमन या शास्त्रज्ञाविषयी वाचलं. 1963 साली फिलाडेल्फियात त्यांच्या पाच वर्षांच्या लेकीला, जेरिल लिनला, गालगुंड झालं. बापाने तिच्या घशातला नमुना घेतला आणि रातोरात प्रयोगशाळेत नेऊन ठेवला. त्यातूनच 1967 मध्ये लस आली. आजारी पोरीचा नमुना घेऊन रात्रीच प्रयोगशाळा गाठणाऱ्या त्या माणसाचं मला फार अप्रूप वाटलं.

13 मार्च
लागण झाल्यावर सूज यायला बहुतेकदा 16 ते 18 दिवस लागतात, कधी 25. थोरल्याचे पाच दिवस 17 फेब्रुवारीला संपले. तिथून आज पंचविसावा. रोज सकाळी धाकटीच्या दोन्ही कानांखाली बोट फिरवत होते. आजही मऊ.
संध्याकाळी खालच्या मजल्यावरची ताई बाळाचं कार्ड घेऊन आली. शनिवारी त्याला नऊ महिने पूर्ण होतात. मी एम आणि आरच्या मध्ये पेनने एक एम लिहिला आणि म्हटलं, "डॉक्टरांना याचं विचार."