पानशेतहून पाहिलेला दक्षिण महासागर

शिडाच्या बोटींची महासागरी शर्यत हा प्रेक्षकांना न दिसणारा खेळ आहे. कुस्तीला आखाडा असतो, बैलगाड्यांना घाट असतो. इथे बंदरातून बोटी सुटतात, तास-दोन तासांत क्षितिजाआड जातात आणि मग पुढचे कित्येक महिने कुणालाच काही दिसत नाही. निरोप द्यायला थोडं अंतर सोबत गेलेल्या छोट्या होड्या माघारी फिरतात. त्या होड्यांतल्या माणसांबद्दल मला फार आपुलकी वाटते. शर्यतीतल्या बोटींच्या शिडात भरलेलं वारंच त्यांच्याही शिडात असतं, पण त्यांना संध्याकाळी घरी यायचं असतं.

माझी होडीही त्याच जातीची. दोन माणसांची, एका डोलकाठीची, फायबरची. पानशेतच्या जलाशयाकाठी मित्राच्या शेतात ती उपडी घालून ठेवलेली असते. पुण्याला वल्ह्यांची परंपरा जुनी आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयाची रेगाटा 1928 पासूनची. शिडाचं मात्र शहराला फारसं अप्रूप नाही. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र खडकवासल्याच्या पाण्यावर शिडं हाकायला शिकतात, त्यापलीकडे पुणेकराला शीड क्वचितच दिसतं. आणि पानशेत म्हटलं की इथल्या जुन्या माणसांना पहिल्यांदा धरण फुटलं तो 12 जुलै 1961 आठवतो. त्या पाण्यावर हौसेनं जायचं, याचं माझ्या आईला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

डोंगरांच्या कुशीतलं वारं लहरी असतं. सकाळी पाणी आरशासारखं निवांत, शीड लोंबत असतं. ऊन तापलं की खिंडीतून एकदम झोत येतो. तो आधी पाण्यावर दिसतो. काळपट सुरकुत्यांचा एक पट्टा सरकत सरकत जवळ येतो. तो होडीला भिडायच्या आत शिडाचा दोर किंचित सैल सोडायचा, सुकाणू धरलेला हात घट्ट करायचा आणि वारं येतंय त्या बाजूला अंग होडीबाहेर झोकून द्यायचं. दोर तळहातातून सरकताना काचतो. समोरून वारं असेल तर सरळ जाता येतच नाही. डावीकडे, मग उजवीकडे, असं नागमोडी चढावं लागतं. पलीकडचा काठ हाकेच्या अंतरावर दिसत असतो आणि तिथे पोचायला अर्धी सकाळ जाते.

या होडीत बसूनच मी 2022-23 ची गोल्डन ग्लोब शर्यत पाहिली. पाहिली म्हणजे मोबाइलवर पाहिली. पाणी न शिरणाऱ्या पिशवीत गुंडाळलेल्या मोबाइलवर, जलाशयाच्या ज्या वळणावर रेंज मिळते त्या वळणावर होडी थांबवून. 4 सप्टेंबर 2022 ला, आपल्याकडे गौरी जेवायच्या दिवशी, फ्रान्समधल्या ले साब्ल द'ओलोनहून सोळा बोटी सुटल्या. एकट्यानं, कुठेही न थांबता, पृथ्वीला वळसा घालून तिथेच परत यायचं. नकाशावर प्रत्येक बोटीचा एक रंगीत बिंदू. त्यातला एक भारताच्या अभिलाष टॉमीचा.

या शर्यतीचा नियम मला विलक्षण वाटतो. 1968 साली जी साधनं होती, तेवढ्यावरच जायचं. सेक्स्टंटनं सूर्याची उंची मोजायची, घड्याळ बघायचं, तक्ते उघडायचे, कागदी नकाशावर पेन्सिलीनं खूण करायची. जीपीएस बोटीवर असतो, पण मोहोरबंद पेटीत, जिवावर बेतलं तरच उघडायचा. चार दिवस ढग राहिले तर खलाशाला स्वतःचा ठावठिकाणा अंदाजानंच धरावा लागतो. बोटीवरचं दुसरं एक यंत्र मात्र उपग्रहाला तिची जागा सतत कळवत असतं, आणि ती जगभरच्या घरांत दिसते. म्हणजे हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला टॉमी नेमका कुठे आहे, हे पानशेतच्या पाण्यावर मला ठाऊक, आणि त्याला नाही.

त्या बिंदूकडे बघताना मला आधी ज्ञान असल्यासारखं वाटायचं. मग पट्टा यायचा, होडी कलायची, मोबाइल पायाशी टाकून मी दोराला लटकायचो, आणि त्या चार-पाच क्षणांत कळायचं की ठिकाण ठाऊक असणं किती थोडं आहे. त्याच्याकडे लाटेचं वजन होतं, ओले कपडे होते, तुटकी झोप होती. माझ्याकडे अक्षांश-रेखांश. छोट्या होडीनं हे अंतर मिटत नाही. पण बिंदू एका तिरक्या रेषेत दिवसभर सरकून अचानक दुसऱ्या बाजूला वळला, की तो वारं अंगावर घेऊन चढतोय, हे माझ्या तळहाताला कळायचं. घरातल्या खुर्चीत बसून तेवढंही कळलं नसतं.

या बोटी सायकलीच्या वेगानं जातात, कधी त्याहून सावकाश. त्यामुळे शर्यत ऋतूंसोबत पुढे गेली. बोटी सुटल्या तेव्हा धरण काठोकाठ होतं आणि होडी गवतावरून थेट पाण्यात जायची. फेब्रुवारीत टॉमीनं केप हॉर्नला वळसा घातला तेव्हा काठावर लाल मातीचा रुंद पट्टा उघडा पडला होता. दरम्यान त्याच्या बोटीचं आपोआप दिशा धरणारं वाऱ्याचं सुकाणू मोडलं होतं. सुटे भाग संपले, तेव्हा त्यानं शौचालयाचं दार कापून त्याची पाती केली आणि पुढे निघाला. एप्रिलमध्ये आम्हाला होडी चिखलातून ओढत न्यावी लागत होती, आणि तो अटलांटिकमधून उत्तरेकडे चढत होता.

त्याचा बिंदू मी असा जिवापाड धरून ठेवला होता, याला कारण 2018 ची शर्यत. 21 सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात त्याची 'थुरिया' उलटली, डोलकाठ्या मोडल्या, त्याच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. त्याला उठताही येत नव्हतं. आपल्या नौदलाचं विमान मॉरिशसहून उडालं आणि त्यानं वरून मोडलेली बोट पाहिली. 24 तारखेला फ्रान्सच्या 'ओसिरिस' या गस्ती जहाजानं त्याला उचललं. त्या तीन दिवसांत बिंदू नकाशावर हलतच होता. नुसत्या बिंदूकडे पाहणाऱ्याला वाटलं असतं, बोट चाललीये. ती वाहत होती.

'थुरिया' गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली, 'सुहेली'च्या धर्तीवर. आणि 'सुहेली' मुंबईची. कुलाब्याच्या कारखान्यात, सागवानात, आपल्या सुतारांच्या हातून घडलेली. तीच घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 1968 च्या पहिल्या गोल्डन ग्लोबला निघाले आणि 22 एप्रिल 1969 ला 312 दिवसांनी परतले. नऊ जण निघाले होते, पूर्ण करणारे ते एकटे. एकट्यानं, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारी जगातली पहिली बोट मुंबईत घडली, हे महाराष्ट्रातल्या किती शाळांत सांगितलं जातं? सांगायला हवं.

आपल्या माणसानंही असं जावं, हा ध्यास घेतला व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी. निवृत्तीनंतर ते फलटणजवळच्या विंचुर्णीत राहत. समुद्र तिथून घाटापलीकडे, काही तासांच्या वाटेवर. त्या माळरानावर बसून हा माणूस महासागराची स्वप्नं पाहत होता, नौदलाच्या मागे लागत होता. त्यातून दिलीप दोंदे उभे राहिले. दांडेकरांनीच बांधलेल्या 'म्हादेई'तून ते ऑगस्ट 2009 मध्ये मुंबईहून निघाले आणि मे 2010 मध्ये एकट्यानं प्रदक्षिणा पूर्ण करणारे पहिले भारतीय होऊन परतले. त्यानंतर त्याच बोटीतून टॉमी कुठेही न थांबता जाऊन आला. आवटी नोव्हेंबर 2018 मध्ये गेले, टॉमीला मोडक्या बोटीवरून उचलल्यानंतर काही आठवड्यांतच. तो पुन्हा त्याच शर्यतीला उभा राहिला, हे त्यांनी पाहायला हवं होतं.

खऱ्याखुऱ्या महासागरात एकमेकांना पाहू शकतात ते स्पर्धकच. नोव्हेंबर 2022 मध्ये फिनलंडच्या टापिओ लेहटिनेनची बोट काही मिनिटांत बुडाली. तो तराफ्यावर तरंगत राहिला. जवळ होती दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर. तिनं शर्यत सोडून बोट वळवली, रात्रभर स्वतः सुकाणू धरलं आणि सकाळी त्या लाटांत त्याचा तराफा शोधून काढला. त्याला 'दर्या गायत्री' नावाच्या मालवाहू जहाजावर चढवून दिलं आणि पुन्हा आपल्या वाटेला लागली.

शेवटी न थांबता परतले ते फक्त तिघं. कर्स्टन 27 एप्रिल 2023 ला, टॉमी 29 तारखेला, दुसरा, 236 दिवसांनी. शेवटच्या टप्प्यात वारं पडलं होतं. किनारा जवळ असूनही कर्स्टनचा बिंदू तासन्‌तास जागचा हलेना. आणि आपण पहिल्या आलोय हे जगात एकट्या तिलाच माहीत नव्हतं. रेषा ओलांडल्यावर, सामोऱ्या गेलेल्या माणसांनी सांगितलं तेव्हा तिला कळलं. तिला ते ओरडून सांगणाऱ्या होड्यांपैकी एखादीत मला असायचं होतं.