बाळकुमची खाडी आणि उजेडाची रेघ

ठाण्याहून भिवंडीकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा रस्त्यावर, कशेळीचा पूल ओलांडण्यापूर्वी बाळकुम हे गाव लागते. राजमाचीच्या डोंगरांत उगम पावून कर्जत, बदलापूर, कल्याण अशी मजल करीत आलेली उल्हास नदी येथे खारी होऊन खाडी बनलेली असते. पुढे वसईजवळ ती समुद्रास मिळते. गावठाणात आगरी-कोळ्यांची जुनी वस्ती, तर भोवती मजल्यांवर मजले चढलेल्या नव्या इमारती. नव्या बिऱ्हाडकरूंस खाडी म्हणजे गच्चीतून दिसणारी शोभा. जुन्या गावकऱ्यांस मात्र ती वेळेवर येणारी-जाणारी शेजारीण आहे.

पंचांग पाहणाऱ्या घरास भरतीचा हिशेब नवा नाही. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावरील भरतीची वेळ सुमाराने निघते. खाडीत आत पाणी पोहोचावयास आणखी थोडा अवधी लागतो. पौर्णिमा-अमावास्येस उधाण आणि अष्टमीस भांग, हेही आपण जाणतो. परंतु पाणी केव्हा येईल हे सांगणारे पंचांग, आणखी पन्नास वर्षांनी ते कोठवर येईल हे सांगत नाही.

हा प्रश्न उजेडाने मांडण्याचा एक प्रयत्न स्कॉटलंडच्या पश्चिमेस नॉर्थ यूइस्ट बेटावर झाला. तेथील लॉकमॅडी गावच्या कलाकेंद्रात २०१८ साली पेक्का नीत्तुविर्ता आणि तिमो आहो ह्या फिनलंडच्या दोघा कलावंतांनी इमारतींभोवती व लगतच्या उतारावर पांढऱ्या प्रकाशाच्या आडव्या रेघा बसविल्या. भरती चढली की यंत्रास ती कळते आणि रेघा उजळतात. पुढे समुद्र चढल्यास पाणी कोठवर येईल, हे पाहणाऱ्यास आपल्याच अंगाच्या उंचीशी ताडून पाहता येते. आकड्यांनी जे मनावर ठसत नाही ते ह्या रेघांनी ठसते.

आकडा तसा लहानच दिसतो. १९०१ ते २०१८ ह्या काळात जगातील समुद्राची पातळी सुमारे २० सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर वाढली. उष्णतेने पाणी फुगते आणि हिमनद्या वितळून समुद्रास मिळतात, ही त्याची मुख्य कारणे होत. पण बाळकुमसारख्या ठिकाणी वीतभर पाण्याचीही किंमत मोठी आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा उल्हासच्या पुराने बदलापूर-कल्याणकडील वस्त्या बुडविल्या. वरून पूर उतरत असता समोरून उधाण आले, तर पाण्यास वाट उरत नाही. आणि तो उंबरठाच आता वीतभर वर सरकला आहे.

खाडीकाठी एक जिवंत रेघ मात्र आधीपासूनच आहे, ती तिवरांची. चिखलातून वर डोकावणाऱ्या मुळ्यांनी श्वास घेत ही झाडे गाळ धरतात व लाटांचा जोर मोडतात. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या तोडीस मनाई केली आणि २०१८ च्या निकालाने ते संरक्षण पक्के केले. तथापि प्रत्येक झाडाशी न्यायालय पहारा करू शकत नाही. काठावर भरावाचा पहिला ट्रक रिता होतो तेव्हा तो गच्चीतूनच आधी दिसतो. म्हणून खाडीच्या शोभेचे मोल देऊन जे येथे राहावयास आले, त्यांनी गावकऱ्यांच्या बरोबरीने ही हिरवी रेघ राखावी. ती पुसली गेली, तर पुढची रेघ आपल्याच भिंतींवर पाणी ओढील.