विहित नमुन्यात नाही

शासकीय सेवेत असताना ज्या एका शब्दाने मी सर्वाधिक कागद मिटवले, तो शब्द ‘निरस्त’. घरात मराठी बोलायची आणि दफ्तरात हिंदी लिहायची, हा आपल्या इंदूरकर घराण्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. त्यामुळे तो शब्द मला मराठीच वाटू लागला होता. अर्ज विहित नमुन्यात नसला की खाली तो शब्द, तारीख आणि सही. टेबल मोकळे.

गेल्या वर्षी कायद्याचा अभ्यास करणाऱ्या माझ्या पुतणीने एक निकालपत्र पुढे ठेवले. “काका, दोन-तीनच पाने आहेत, वाचा.” अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा ‘हेन्स विरुद्ध कर्नर’ हा जानेवारी १९७२ चा निकाल. हेन्स हा इलिनॉय राज्याच्या तुरुंगातील कैदी. दुसऱ्या कैद्याच्या डोक्यात त्याने फावडे घातले होते; तेव्हा माणूस काही साधुसंत नव्हे. शिक्षा म्हणून त्यास १५ दिवस एकांतकोठडीत ठेवले. नुसत्या कांबळ्यांवर जमिनीवर निजावे लागल्याने पायाची जुनी दुखापत व रक्ताभिसरणाचा विकार बळावला, ही त्याची तक्रार. १८७१ च्या नागरी हक्क कायद्याखाली त्याने वकिलाविना दावा लावला. तुरुंगाच्या अंतर्गत कारभारात न्यायालयाने सहसा पडू नये, असे म्हणून जिल्हा न्यायालयाने तो पुरावा न घेताच काढून टाकला. अपील न्यायालयानेही तीच री ओढली.

अशा अपिलात तक्रार खरी की खोटी, हे पाहायचे नसते. लिहिले ते सारे खरे धरले, तर दाद मागण्याजोगे काही उरते का, एवढाच प्रश्न असतो. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वकिलाने घडवलेल्या कागदाची कसोटी स्वतः लिहिणाऱ्यास तितक्या कठोरपणे लावू नये. याला पुरावा देण्याची संधी मिळावी. तो जिंकला असे नव्हे, दार तेवढे उघडले. (ज्यांच्या नावे दावा होता ते माजी गव्हर्नर कर्नर १९७३ साली लाचखोरीच्या प्रकरणात दोषी ठरून स्वतः तुरुंगात गेले. दैवगती!) आपल्याकडेही १९७९ साली तिहारमधील सुनील बत्रा या कैद्याचे एक साधे पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतले होते.

निकाल वाचून झाला आणि मला एका वृद्ध बाईंची आठवण झाली. कुटुंब-निवृत्तिवेतनासाठी त्यांनी वहीच्या पानावर, हिंदीत मराठी मिसळून अर्ज लिहिला होता. पतीची नोकरी, मृत्यूची तारीख, बंद पडलेली रक्कम, सारे त्यात होते. नव्हता तो छापील नमुना. मी ‘निरस्त’ लिहिले. दोन आठवड्यांनी त्या आल्या, माझ्याशी मराठीत बोलल्या. “साहेब, काय चुकलं ते सांगा, पुन्हा लिहून आणते.” मी म्हणालो, “आदेश झाला आहे.” वरिष्ठांकडे अपील करता येते, त्याला मुदत असते, हे मला तोंडपाठ होते, मी ते सांगितले नाही. सांगण्याचा नियमही नव्हता, असे मी बरीच वर्षे स्वतःला बजावत आलो.

पुतणीला हे सांगितले. तिने विचारले, “त्यांच्या अर्जातलं सगळं खरं धरलं असतं, तर पेन्शन मिळत होती का?”

“मिळत होती,” मी म्हणालो.