भाड्याचे घरपण

परक्या घरी मुक्काम करण्याचे प्रसंग मनुष्यावर दोन प्रकारांनी येतात. एक पाहुणा म्हणून आणि दुसरा गिऱ्हाईक म्हणून. पाहुणा पैसे देत नाही, म्हणून त्यास मिळालेल्या वस्तूविषयी तक्रार करता येत नाही. गिऱ्हाईक पैसे देते, म्हणून त्यास आपलेपणाची अपेक्षा करता येत नाही. हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चोख चालत आला होता. परंतु जुने वाडे, हवेल्या आणि गढ्या यांची हॉटेले करण्याचा जो प्रघात अलीकडे पडला आहे, त्याने या दोन्ही खात्यांची सरमिसळ करून टाकली आहे. तेथे मनुष्य पैसे मोजून जातो, आणि मागतो ती वस्तू मात्र पाहुण्याला मिळावयाची असते. त्यास घर पाहिजे असते, आणि तेही दुसऱ्या कोणाच्या तरी आजोबांचे! केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याने तर अशा हॉटेलांची प्रतवारीच लावून दिली आहे. इमारत १९५० पूर्वीची असेल तर तिला ‘हेरिटेज’ या पदवीसाठी अर्ज करता येतो, आणि १९२० पूर्वीची असेल तर तिला सर्वांत वरच्या वर्गाची वाट मोकळी होते. वाढत्या वयाचा असा मान माणसांच्या बाबतीतही एखादे खाते ठेवील, तर आमच्यासारख्यांची मोठीच सोय होईल.

गेल्या हिवाळ्यात तंजावरास सरस्वती महाल पाहून आम्ही तसेच दक्षिणेस कारैकुडीकडे गेलो, आणि तेथून जवळच्या एका खेड्यात अशाच एका घरी तीन रात्री राहिलो. या मुलखास चेट्टिनाड म्हणतात. नाट्टुकोट्टै चेट्टियार या सावकारी जातीचा हा मूळ प्रदेश. ‘नाडु’ म्हणजे मुलूख आणि ‘कोट्टै’ म्हणजे कोट. आणि कोरड्या, तांबड्या मातीच्या त्या सपाट माळावर ओळीने उभी असलेली ती प्रचंड घरे पाहिली, म्हणजे हे नाव त्यांस कोणी उगाच दिले नाही अशी खात्री पटते. ज्या गावात पोटभर पिकत नाही, त्या गावात इटलीचे संगमरवर, बेल्जमचे आरसे आणि ब्रह्मदेशी सागाचे गगनचुंबी खांब आले कोठून, हा प्रश्न प्रवाशास पहिल्या दिवशीच पडतो. त्याचे उत्तर त्या गावात नाही. ते समुद्रापलीकडे आहे.

इंग्रजांनी १८५२ साली दक्षिण ब्रह्मदेश घेतला आणि १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला. इरावतीच्या मुखाकडील दलदल मोडून तेथे भात पिकविण्याची एकच धांदल उडाली. शेतकऱ्यापाशी हात होते, भांडवल नव्हते. आणि बँका त्यास दारात उभे करीत नव्हत्या. तेथे चेट्टियार आपली पेढी घेऊन गेला. तसाच तो लंकेत गेला, मलायात गेला, सायगावलाही गेला. पुरुषाने दोनतीन वर्षे परदेशच्या पेढीवर काढावी आणि मग काही काळ घरी यावे. बायकामुलांनी मात्र येथेच राहावे, असा क्रम होता. नफा मायदेशी परतला तो या घरांच्या रूपाने. पुढे १९३० नंतरची जागतिक मंदी आली, भाताचे भाव कोसळले, आणि कर्जाच्या बदली जमिनी सावकाराच्या गळ्यात पडू लागल्या. दक्षिण ब्रह्मदेशाच्या मुख्य भातजिल्ह्यांतील शेकडा ६ जमीन १९३० साली चेट्टियारांकडे होती. ती १९३८ पर्यंत शेकडा २५ झाली. बाहेरून पाहणारास हे ऐश्वर्य वाटले असेल. पण रोख रकमेची ज्यास सवय, त्यास दुसऱ्याच्या देशातली चिखलाची जमीन म्हणजे बुडीत खातेच होय. १९४२ साली जपानी फौजा रंगूनमध्ये शिरल्या. १९४८ साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी जमिनीच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा झाला. १९६२ च्या लष्करी सत्तेने उरलेसुरलेही संपविले. ज्यांनी वेळीच हात आखडून बँका आणि कारखाने काढले, ते तरले. इंडियन ओव्हरसीज बँक १९३७ च्या फेब्रुवारीत कारैकुडी, मद्रास आणि रंगून या तिन्ही ठिकाणी एकाच दिवशी उघडली, ही गोष्ट त्या दूरदृष्टीची साक्ष आहे. बाकीच्यांची घरे तेवढी राहिली. त्यांस पोसणारे उत्पन्न समुद्रापलीकडेच राहिले.

आता घराविषयी. आपल्या वाड्याशी याचे नाते आहे, पण ते चुलतनाते. दिंडी दरवाजातून आत गेल्यावर आपल्याकडे जशी ओसरी लागते, तसा येथे प्रथम बाहेरचा कट्टा, मग बैठकीचा दिवाणखाना, आणि मग चौक. त्याच्यामागे दुसरा चौक, त्याच्यामागे स्वयंपाकाचा. आणि शेवटचे दार मागच्या रस्त्यावर उघडणारे. सारी दारे एका रेषेत असल्यामुळे पुढच्या दारात उभे राहिले म्हणजे अंधार आणि ऊन यांचे एकाआड एक पट्टे ओलांडून नजर थेट मागच्या रस्त्यावरील गाईपर्यंत जाते. भिंतींचा गिलावा चुन्याचा. त्यात अंड्यातील पांढरा बलक घालून तो इतका घोटलेला, की शंभर वर्षांनंतरही हात लावला तर काचेवरून फिरावा तसा फिरतो. फरश्या जवळच्या आत्तंगुडी गावच्या. काचेच्या तुकड्यावर रंगीत सिमेंट ओतून, त्यावर वाळूसिमेंटचा थर देऊन त्या हाताने करतात आणि पाण्यात मुरवितात. भट्टी लागत नाही; चकाकी येते ती काचेच्या स्पर्शाने. छपरांचे उतार चौकाकडे वळविलेले, म्हणजे पावसाचा थेंबही वाया न जाता आतच यावा. पाण्याच्या दुर्भिक्षात वाढलेल्या माणसांची ही श्रीमंती आम्हांला खांबांच्या श्रीमंतीपेक्षा अधिक आवडली.

परंतु या घराची खरी गंमत त्याच्या खोल्यांत आहे. चौकाभोवती दोन्ही बाजूंस सारख्या मापाच्या खोल्यांची रांग असते. मुलाचे लग्न झाले, की त्याच्या संसाराची ‘पुळ्ळी’ म्हणून स्वतंत्र गणना होई. देवळाची वर्गणी त्या हिशेबाने बसे, शिधा निराळा मिळे, चूलही निराळी पेटे. छप्पर एक आणि चुली अनेक! आपल्या एकत्र कुटुंबात सुनांची जी भांडणे एका चुलीभोवती झाली, ती या व्यवहारी लोकांनी आधीच हिशेबात धरून ठेवली होती. त्या जोडप्यास एक खोली मिळे. पण ती निजण्याबसण्याची नव्हे. सुनेने माहेराहून आणलेली पितळेची, तांब्याची, चांदीची शेकडो भांडी, वस्त्रे, पेट्या यांची ती कोठी असे. माणसे वावरत आणि निजत ती चौकाच्या सोप्यांत.

हॉटेलाने हा क्रम नेमका उलटा केला आहे. कोठीच्या खोलीत आता पलंग आला, वातानुकूलनाचे यंत्र आले, आतल्या अर्ध्या भागात न्हाणीघर आले. ज्या सोप्यात पन्नास माणसे राहत होती तो आता निर्मनुष्य आणि स्वच्छ असून, पाहुणे तेथे फक्त छायाचित्रे घेण्यापुरते थांबतात. वस्तूंच्या जागी माणसे गेली, आणि माणसांच्या जागी वस्तू मांडून ठेविल्या. हे आमच्या ध्यानात आपोआप आले नसते. ते आम्हांस एका आजींनी शिकविले.

दुसऱ्या दिवशी त्या घराण्याच्या काही मंडळींचे पूर्वजांस नैवेद्य दाखविण्याचे काही कार्य होते. घर चालविण्यास देताना भाऊबंदांनी देवाची खोली आणि वर्षातील असे काही दिवस आपल्याकडे राखून ठेविले होते. दुपारी आमच्या दारावर टकटक झाली. ऐंशीच्या पुढच्या एक आजी आणि त्यांची चेन्नईस शिकणारी नात बाहेर उभ्या होत्या. नात इंग्रजीत म्हणाली, “आमच्या आच्चींना ही खोली आतून एकदा पाहावयाची आहे. आपली हरकत नाही ना?” १९५८ साली सून म्हणून आल्यावर त्यांस मिळालेली खोली ती हीच.

आम्ही संकोचून म्हटले, “आजी, घर आपले आहे. आम्हांस काय विचारावयाचे?”

नातीने ते तमिळमध्ये सांगितले. आजी हसल्या आणि जे बोलल्या त्याचा अर्थ असा, “आज ते तुमचे आहे. तुम्ही पैसे भरले आहेत.”

सावकाराच्या घरची सून ती! आत येऊन त्यांनी प्रथम आढ्याकडे पाहिले. “येथे गळत असे,” म्हणाल्या, आणि गळत नाही हे पाहून त्यांस समाधान वाटलेले दिसले. न्हाणीघराचे दार उघडून त्या पुनः हसल्या. त्यांच्या आईने दिलेली पितळेची भांडी तेथे रचलेली असत. त्या खोलीत त्या कधी निजल्या नव्हत्या. यजमान पेनांगच्या पेढीवर. तीन तीन वर्षे पत्रांवर काढावयाची, आणि रात्री चौकात सासूजावांच्या ओळीत चटई टाकावयाची. मग त्यांनी एका रात्रीचे भाडे विचारले. आम्ही सांगितले. क्षणभर मनाशी आकडेमोड करून त्या म्हणाल्या, “एवढे व्याज तर आमच्या सासऱ्यांनीही कधी घेतले नसेल.”

जाताना मात्र एक गोष्ट घडली. त्या बाहेर पडल्या, दार ओढून घेतले, आणि बाहेरून कडी घातल्याचा आवाज आला. साठ वर्षांपूर्वीची हाताची सवय! कोठीतून बाहेर पडावयाचे ते कडी घालूनच. आम्ही आत कोंडले गेलो. पाचसात मिनिटांनी नोकराने येऊन कडी काढली, तोवर आम्ही त्या पितळेच्या भांड्यांच्या जागी बसून होतो.

जुनी घरे हॉटेले झालेली पाहून आमच्यासारख्यांस एक हळवे दुःख होते. ‘लक्ष्मी गेली, घराणे पांगले, परके येऊन निजू लागले,’ असे आपण मनात म्हणतो. त्या आजींपाशी या दुःखाचा मागमूसही नव्हता. ज्याने गळके आढे पाहिले आहे, त्यास कोरड्या आढ्याची किंमत कळते. हळवेपणा हा बहुधा त्या घरात न राहिलेल्यांचा विलास असतो. आणि पर्याय तरी कोणते? एकेका घरास पन्नास पन्नास वारस, ते मद्रास, सिंगापूर आणि अमेरिका येथे पांगलेले. कौले शाकारण्यासही सर्वांची संमती मिळत नाही. अशा घरांचे खांब, दारे, लामणदिवे आणि एनॅमलची भांडी कारैकुडीच्या जुन्या बाजारात तुकड्यातुकड्यांनी विकली जातात. एखाद्या भाग्यवान घराचे भाग उचलून चेन्नईजवळ मुट्टुक्काडच्या ‘दक्षिणचित्र’ या संग्रहालयात पुनः जोडले जातात. तेथे ते सुरक्षित असते, पण रात्री तेथे कोणी निजत नाही. हॉटेलात निदान दिवा लागतो, चूल पेटते, आणि गावच्या सुताराला व गवंड्याला काम मिळते.

तरीही काही तरी जाते, आणि ते काय हे त्या टकटकीने सांगितले. घर म्हणजे खांब नव्हेत, फरश्या नव्हेत, निजण्याची सोयही नव्हे. घर म्हणजे न विचारता आत येण्याचा हक्क. तो हक्क हॉटेलास विकत देता येत नाही, आणि म्हणून गिऱ्हाइकास विकत घेताही येत नाही. आम्ही तीन रात्रींचे भाडे भरून आजींना आत येण्याची परवानगी देण्याचा अधिकार तेवढा मिळविला. आजींचा हक्क काही आम्हांस मिळाला नाही. तो मधल्या मध्ये नाहीसा झाला होता. परंतु हात तो विसरला नव्हता, हे त्या कडीने दाखविले.

हा विचार आम्ही इतका वेळ करीत बसलो, त्यास घरचेच कारण आहे. पुण्याचे वाडे १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्याने खंगले आणि अनेक १९६१ च्या पानशेतच्या पुरात वाहून गेले. साताऱ्याकडील आमचा वाडा या दोन्हींतून वाचला. तो आता चौदा वाटेकऱ्यांच्या एकमताअभावी पडावयास आला आहे. बिल्डराचे पत्र आले आहे. थोरले चुलतबंधू, म्हणजे आमचे दादा, म्हणतात की पाडण्यापेक्षा पाहुण्यांसाठी चालविण्यास देऊ. १९५० पूर्वीच्या जन्माचा दाखला त्यापाशी आहेच.

आम्ही दादांस होकार कळविला आहे. मात्र एक अट घातली आहे. माजघरालगतची काकूंची खोली भाड्याने द्यावयाची नाही. तीत पलंग नको, यंत्र नको. जुनी मांडणी, जाते आणि पाट राहू द्यावेत, आणि बाहेरच्या कडीला कुलूप नसावे. चौदांपैकी कोणाच्याही घरचे माणूस केव्हाही आले, तरी त्याने दारावर टकटक न करता आत जावे. दादांनी उलट पत्री विचारले आहे, की त्या खोलीचे वर्षाचे उत्पन्न बुडेल ते कोणाच्या वाट्यातून वजा करावयाचे? प्रश्न रास्त आहे. ते चौदाही जणांच्या वाट्यांतून सारखे वजा करावे, असे आम्ही त्यांस लिहिणार आहो. इतकी वर्षे त्या वाड्यात आपण सारे फुकट राहिलो. आता ते त्याचे भाडे समजून द्यावे.