जोर पेलणारा, पायाला झेपणारा क्लच

डेट्रॉइटजवळ राहायला आल्यापासून जुन्या अमेरिकन मसल कारचा मला ध्यास लागला. माझ्या गॅरेजात 1969ची शेवरोले कॅमॅरो आहे. सवड मिळेल तशी मी ती उभी करतोय. तिच्या 350 घनइंची, म्हणजे 5.7 लिटरच्या व्ही-8 इंजिनाला नवा कॅमशाफ्ट आणि मोठा कार्ब्युरेटर बसवला आणि जुना क्लच त्या जोरापुढे घसरू लागला. चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं गरजायचं, वेग तेवढाच राहायचा.

क्लचची पकड तीन गोष्टींवर ठरते: प्रेशर प्लेटचा दाब, लायनिंगचं घर्षण आणि प्लेटची त्रिज्या. सिरॅमिक लायनिंग दणकट असतं, पण एकदम पकडतं. ते शर्यतीला ठीक. मला तर वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर सिग्नलमागून सिग्नल थांबत जायचं होतं. म्हणून मी ऑरगॅनिक लायनिंगची प्लेट आणि जास्त दाबाची डायफ्रॅम प्रेशर प्लेट घेतली. डायफ्रॅममुळे पेडल खाली जाताना पायावरचा भार हलका होत जातो.

गिअरबॉक्स उतरवल्यावर आत काळी धूळ दिसली. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून हवेचा झोत न मारता मास्क लावून ओल्या फडक्यानं ती पुसून घेतली. फ्लायव्हील मशीन शॉपमधून सपाट करून आणलं. क्रँकच्या टोकातला पायलट बुश मात्र घट्ट बसला होता. त्याच्या भोकात ग्रीस भरून नेमक्या मापाची सळई ठोकली. दाबलेल्या ग्रीसनं बुश मागून बाहेर ढकलला.

खरा कस पुढे होता. बेलहाउसिंगचं भोक आणि क्रँकशाफ्ट यांचं केंद्र एकच हवं. त्यातला फरक 0.005 इंचाच्या आत असावा लागतो. क्रँकवर डायल गेज लावून पूर्ण फेरा दिला, तेव्हा काटा एकूण 0.016 इंच हलला. म्हणजे केंद्र 0.008 इंचांनी सरकलेलं होतं. अशा स्थितीत सगळं आवळलं असतं, तर गिअर अडले असते आणि बेअरिंगं लवकर गेली असती. मी 0.007 इंच ऑफसेटच्या डॉवेल पिना आणल्या, त्या हळूहळू फिरवून केंद्र जुळवलं. मगच क्लच प्लेट मध्यभागी धरून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत, टॉर्क रेंचनं आवळले. पेडलला वर सुमारे इंचभर मोकळी चाल ठेवली.

नवं लायनिंग बसेपर्यंत, म्हणजे पहिले 500 मैल, गाडी शहरातच आणि सौम्यपणे चालवली. त्यानंतर हायवेवर चौथ्या गिअरमध्ये जोर दिला. इंजिनाचा प्रत्येक फेरा चाकांपर्यंत पोचत होता, आणि सिग्नलवरून गाडी हिसका न देता निघत होती. जुन्या गाडीला ताकद देणाऱ्यांना मी आग्रहानं सांगतो: महागडी प्लेट घेण्याआधी डायल गेज घ्या, आणि क्लच निवडताना गाडी रोज कुठे चालणार याचा विचार करा.