पोच घ्यायची

दापोलीहून परतलो तेव्हा हर्णे बंदरावर लिलाव चालू होता. पोराला तो गलका सोसत नाही, मागच्या वाटेने आणलं.

शाळेत आजवर एकच पालुपद: बसू दे मागे, शिकेल हळूहळू. विशेष शिक्षिकाबाईंनी मात्र कागदच पुढे ठेवले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार, त्यात आमच्या पोराची स्वमग्नताही आहे. 40 टक्के वा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असला की 6 ते 18 वयापर्यंत शिक्षण मोफत, जवळच्या शाळेत किंवा आपण निवडू त्या विशेष शाळेत. म्हणजे इतके दिवस आम्ही जे हात जोडून मागत होतो, तो त्याचा हक्कच होता!

"तोंडी काही बोलू नका. अर्ज द्या, पोच घ्या," असं त्या म्हणाल्या. नाहीच ऐकलं तर विधी सेवा समितीचा वकील आहे. 1987 च्या कायद्याने बायकांना आणि मुलांना तो फुकट मिळतो, मिळकत बघत नाहीत.

आमच्या बायका पापलेटच्या भावासाठी व्यापाऱ्याला घाम फोडतात आणि साहेबाच्या टेबलापुढे मुक्या होतात. मीही त्यातलीच. बाई सोबत आल्या, म्हणून आज बोलले.

आता आधी रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात दाखल्यासाठी तपासणी, मग गट साधन केंद्रात अर्ज. दोन प्रती काढायच्या.